‘वाचले’चा रकाना

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी सतरा मडकी मांडून ठेवली आहेत. मडकी हा शब्दसुद्धा मोठाच झाला. त्यातलं सगळ्यांत थोराड माझ्या मुठीत मावतं आणि सगळ्यांत लहान अंगठ्याच्या पेराएवढं आहे. सगळी काळीभोर, नुकताच अभिषेक आटोपलेल्या पिंडीसारखी ओली दिसणारी. हात लावल्यावर कळतं की कोरडी आहेत; चकाकी नुसत्या घोटण्याची आहे.

सव्वीस वर्षं अमेरिकेत, अल्बुकर्कीत काढून आम्ही पुण्याला परत चाललो आहोत. सामान नेणाऱ्या कंपनीनं विम्यासाठी एक तक्ता दिलाय: वस्तू, वर्णन, आजची किंमत. सोळा ओळी काल रात्रीच भरून झाल्या. सतरावी भरायला जुनी वही काढली आणि तिथेच अडकले.

मी इथे लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून द्यायचे. पावती जपायची, आकडा त्याच दिवशी मांडायचा, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे पहिलं मडकं घेतलं त्या दिवसापासून वही आहे. तारीख, ठिकाण, घडवणारीचं नाव, सांगितलेली किंमत, दिलेली किंमत. आणि सहावा रकाना: ‘वाचले’. प्रत्येक पानाखाली त्याची बेरीज केलेली, पुढच्या पानावर ओढलेली. शेवटचा आकडा ६१२ डॉलर. हा हिशेब मला ना सरकारनं मागितला होता, ना नवऱ्यानं. हौसेनं ठेवला होता.

ही मडकी पुएब्लो आदिवासींची. सांता फे शहराच्या वरच्या अंगाला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, तेवा भाषा बोलणाऱ्यांची सान इल्देफोन्सो आणि सांता क्लारा ही दोन गावं अशा काळ्या भांड्यांसाठी नावाजलेली आहेत. यात चाक नसतं, विटांची भट्टी नसते. माती स्वतः खणून आणायची, आणताना माती-आईची प्रार्थना करायची. वाळवून, भिजवून, गाळून तिच्यात ज्वालामुखीची जुनी राख कालवायची. मग वळ्या एकीवर एक रचून भांडं उभं करायचं. वाळलं की घासायचं, त्यावर लाल मातीचा पातळ लेप द्यायचा आणि लेप सुकायच्या आत नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. हे घोटणं एका बैठकीत व्हावं लागतं. मध्येच उठलं तर लेप सुकतो, मग सगळं खरवडून पहिल्यापासून. घोटायचे गोटे आईकडून लेकीकडे येतात आणि दागिन्यासारखे जपले जातात.

शेवटी जाळ. वारा पडलेली सकाळ बघून उघड्यावर लाकडं आणि गोवऱ्या रचायच्या, आणि आग ऐन भरात आली की वरून घोड्याची वाळकी लीद भुगा करून ओतायची. आग कोंडते, धूर आत शिरतो, भांडं काळं निघतं. तेच भांडं मोकळ्या हवेत भाजलं असतं तर लाल झालं असतं. आपल्याकडचे कुंभारही धूर कोंडूनच काळं भांडं काढतात. म्हणून सांता फेत पहिल्यांदा असलं लहानसं भांडं पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं होतं, “अय्या, सुगड!”

त्या उद्गारात कौतुक होतं, हे खरं. पण सुगड म्हटल्याबरोबर डोक्यात सुगडाचा भावही आला होता.

सांता क्लाराची जत्रा १२ ऑगस्टला असते. नाच बघायला परक्यांनाही मज्जाव नसतो, फोटो मात्र काढायचे नाहीत. दुपारी अनोळखी माणसालाही घरात बोलावून जेवायला बसवतात. पंगतच असते ती. एक बसते, जेवते, उठते, की दुसरी. एका वर्षी मी तिथे एका घरी जेवले. बाहेरच्या मातीच्या ओव्हनातला पाव, बीन्स, लाल मिरचीचा झणझणीत रस्सा. उठताना दाराजवळच्या फळीवर काळी भांडी दिसली. एक लिंबाएवढं होतं, पोटावर अस्वलाचा पंजा उमटवलेला. दुष्काळात अस्वलानं लोकांना पाण्याची वाट दाखवली, त्याची ती आठवण. घरधनीण माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी असावी. तिनं किंमत सांगितली. मी म्हटलं, “पण केवढंसं आहे हे!”

ती शांतपणे म्हणाली, “मग मोठं घ्या.”

मी हसले, तीही हसली. मी मोठं घेतलं नाही. तेच घेतलं, आणि दहा डॉलर कमी करूनच घेतलं. तिच्या हातचं जेवून हात धुतल्याला अर्धा तासही झाला नव्हता. वहीत त्या ओळीत ‘जत्रा, जेवण छान’ अशी नोंद आहे आणि पुढे ‘वाचले: १०’.

लिंबाएवढ्या भांड्यालाही माती खणावीच लागते, गाळावीच लागते, जाळ तेवढाच रचावा लागतो. जाळात तडकायचं असेल तर तेही तडकतं. घोटायला उलट जास्त चिकाटी लागते, कारण गोटा फिरवायला जागाच नसते. १९७० च्या दशकात याच सांता क्लाराच्या जोसेफ लोनवुल्फ आणि त्याची बहीण ग्रेस मेडिसिन फ्लॉवर यांनी अशा इवल्या भांड्यांवर सुईच्या बारकाईनं कोरीव काम करून दाखवलं आणि लहान भांडं म्हणजे प्रवाशांची आठवणवस्तू हा समज पार मोडला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकं मी आधीच वाचली होती. पाहुण्यांसमोर हे सगळं मी रंगवून सांगायचे, आणि विकणारीसमोर विसरायचे.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जाते.

सांता फेच्या चौकात गव्हर्नरांचा जुना वाडा आहे, १६१० चा. त्याच्या लांबलचक पडवीत पुएब्लो आणि इतर आदिवासी गावांतले कारागीर जमिनीवर चादर पसरून बसतात. जागेसाठी सकाळी चिठ्ठ्या टाकतात. आपल्या किंवा आपल्या घरच्यांच्या हातचीच वस्तू तिथे विकायची असा नियम आहे. डिसेंबरची संध्याकाळ होती, पडवीतून बोचरा वारा वाहत होता. पांघरूण लपेटलेल्या एका बाईसमोर तीन-चार भांडी उरली होती. तिनं विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, इंडिया. ती म्हणाली, “म्हणजे खरी इंडियन तूच!” आम्ही दोघी खळखळून हसलो. एका दर्यावर्दी माणसाच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या गैरसमजावर दोन बाया हसतात, किती गोड प्रसंग. मी तो कितीतरी वेळा सांगितला आहे.

त्याच्या पुढचं कधी सांगितलं नाही. साठ डॉलरच्या भांड्याला मी चाळीस म्हटलं. तिनं मान हलवली. तेव्हा मी वाकून, जरा आवाज खाली आणून म्हटलं, “आपण दोघी इंडियन ना. मी काही त्या गोऱ्या टूरिस्टांसारखी नाही.” आणि उठून, पाठ फिरवून चार पावलं गेले. ही चार पावलं मी मंडईत आईच्या पदराला धरून शिकले आहे. पाचव्या पावलाच्या आत हाक येते. आली.

त्या रात्री आम्ही दोघं चांगल्या हॉटेलात जेवलो. बिल चौऱ्याऐंशी डॉलर झालं, वर टिप. तिथे मी कुणाला काही म्हटलं नाही.

मंडईचा बचाव मी स्वतःपुढे पुष्कळदा करून बघितला आहे. घासाघीस आमच्या रक्तात आहे, तो संवादच असतो, वगैरे. पण आई ज्या भाजीवालीशी घासाघीस करायची ती तिला बुधवारी परत भेटायची. आईचं लग्न, माझं बाळंतपण, सगळं तिला ठाऊक होतं. पुढच्या खेपेला ती आईकडून दोन रुपये जास्त काढायची आणि आईला ते कळायचं. पडवीतल्या त्या बाईचं पहिलं नावही मी विचारलं नाही. भांड्याच्या बुडाशी कोरलेलं होतं, तेवढं वहीत उतरवून घेतलं.

आता सतरावं.

त्याच्याआधी मारियाबद्दल सांगायला हवं. मारिया मार्तिनेझ सान इल्देफोन्सोची. १९०४ साली लग्न झाल्या झाल्या ती आणि नवरा ज्युलियन सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात गेले, लोकांनी बघावं म्हणून. पुढे एडगर ह्युएट या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात जुन्या खापऱ्या निघाल्या. त्या दाखवून, असं भांडं पुन्हा करता येईल का, असं तिला विचारलं गेलं. ज्युलियन काही वर्षं त्याच पडवीच्या वाड्यात, म्हणजे तेव्हाच्या म्युझियममध्ये, झाडलोटीच्या कामाला होता, आणि कुटुंब तिथंच राहायचं. १९१९ च्या सुमारास दोघांना ती युक्ती साधली जिनं सान इल्देफोन्सोचं नाव जगभर झालं: तुकतुकीत काळ्यावर मंद काळी नक्षी. घडवायचं आणि घोटायचं मारियानं, रंगवायचं ज्युलियननं. पाण्याचा शिंगवाला नाग, अवान्यू, त्याच्याच हातून भांड्याभोवती वळसा घालू लागला. गाव तेव्हा अगदी लहान उरलं होतं. शेतीवर भागत नव्हतं, फ्लूच्या साथीनं माणसं गेली होती. दोघांनी युक्ती लपवून ठेवली नाही. ज्याला हवी त्याला शिकवली.

आणि सही. पुएब्लो भांड्यांवर पूर्वी सही नसायची. बाहेरच्या जाणत्यांनी सांगितलं, सही करा, किंमत येईल. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ‘मारी’ अशी सही करू लागली, कारण गोऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला ते नाव सोपं. सही एकटीचीच, कारण भांडी घडवणं हे बाईचं काम. काही वर्षांनी ‘मारी आणि ज्युलियन’ अशी जोडसही आली. १९४३ साली ज्युलियन गेल्यावर सून सान्तानाबरोबरची, नंतर मुलगा पोपोव्ही दाबरोबरची. १९८० मध्ये ती वारली तोवर तिच्या सह्यांचा क्रम लावणं हा संग्राहकांचा एक अभ्यासच झाला होता. मी तो अभ्यास पाठ केला होता.

अकरा वर्षांपूर्वी, एका शनिवारी, अल्बुकर्कीतल्या एका घरात वस्तूंची विक्री होती. घरातली म्हातारी वारली होती, परगावची मुलगी घर रिकामं करत होती. प्रत्येक वस्तूला रंगीत स्टिकर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बरण्यांच्या रांगेत तीन लहान काळी भांडी, प्रत्येकी पंधरा डॉलर. तिसऱ्यात बटणं होती. मी ती बाजूच्या बशीत ओतली आणि सवयीनं भांडं उलटं केलं.

मी कुठलंही भांडं आधी उलटं करते. तोंड, खांदा, पोट हे नंतर. हे मला आज टेबलाशी बसल्यावर जाणवलं. सतरापैकी कुठल्याही भांड्याची सही मी डोळे मिटून सांगेन. आकार डोळे मिटून आठवतील असे चार-पाचच.

बुडाशी ‘मारी’ होतं.

पुढच्या दोन मिनिटांत मी जे केलं ते क्रमानं लिहिते. पहिलं, सहीवर अंगठा ठेवला. दुसरं, ती मुलगी जवळ आली तेव्हा इतर दोन भांड्यांबद्दल विचारायला सुरुवात केली. ती म्हणाली, “आईची बटणं असायची त्यात, मी लहानपणी खेळायचे.” तिसरं, मी भांडं उजेडाकडे तिरपं धरून आतले चरे दाखवले आणि म्हटलं, “बरंच खराब झालंय.” चौथं, तिन्ही मिळून पस्तीसला देणार का, असं विचारलं. ती म्हणाली, घेऊन जा, कुणीतरी प्रेमानं ठेवेल तरी. वहीत आहे: ‘वाचले: १०’.

वर्षभरानं सांता फेत एका जाणकाराला दाखवलं. त्यानं सांगितलेला आकडा चार आकडी होता. तो मी वहीत मांडला नाही. वहीच्या पूर्ण आयुष्यात न मांडलेला तेवढा एकच आकडा.

त्यानं आणखी एक सांगितलं. त्या वर्षांतल्या ‘मारी’ सहीवरून भांडं तिच्याच हातचं आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. गावातल्या इतर बायकांची भांडी विकली जावीत म्हणून, कुणी मागितली तर ती त्यांच्या भांड्यांवरही आपली सही करून द्यायची. सहीला भाव आहे ना, मग सगळ्यांनाच मिळू दे, असा तिचा सरळ हिशेब. पुढे म्युझियमवाल्यांनी समजावलं की असं करू नये, त्यानं बाजाराचा विश्वास जातो. हे ऐकून मला आधी काय वाटलं? किंमत उतरेल अशी धास्ती वाटली. तिनं ते का केलं असेल, हा विचार घरी येईपर्यंतच्या तासाभराच्या रस्त्यात एकदाही मनात आला नाही.

कायद्यानं बघितलं तर मी स्वच्छ आहे. १९९० मध्ये अमेरिकेनं कायदा केला: आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. साच्यात ओतलेली भांडी पुएब्लोंची म्हणून खपवणारेही होते. खोटं बोलून विकणाऱ्यासाठी कायदा आहे. अंगठा ठेवून विकत घेणाऱ्यासाठी नाही, आणि तो असावा असंही मी म्हणणार नाही.

मनाशी मात्र मी अकरा वर्षं वकिली केली आहे. तिला माहीत नव्हतं, मी अभ्यास केला होता. अभ्यासालाही काही मोल असतंच ना. त्यांनी त्यात बटणं ठेवली, मी काचेच्या कपाटात ठेवलं. घर चांगल्या वस्तीतलं होतं, तिला पैशांची काही ददात नसावी. यातलं काहीच फार दिवस टिकलं नाही. टिकलं ते एकच, आणि ते ऐकायला बरं वाटतं: त्या म्हातारीनं तरी ते भांडं कितीला घेतलं असणार? मूळ लूट तिथेच झाली. घडवणारीला तेव्हा किरकोळ काहीतरी मिळालं. मग त्या मुलीचा तरी त्यावर काय हक्क?

बोलणं पुरोगामी आहे, त्यात तथ्यही आहे. सान इल्देफोन्सोच्या वरच्या पठारावर १९४३ मध्ये अणुबॉम्बची प्रयोगशाळा उभी राहिली, गावाची पूर्वापार ठिकाणं कुंपणाआड गेली, आणि गावातल्या बायका बसमधून त्याच टेकडीवर शास्त्रज्ञांच्या घरी धुणी-भांडी करायला जाऊ लागल्या. हे मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तावातावानं बोलले आहे, काळी साडी नेसून, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, समोर याच भांड्यांमध्ये तिळगूळ ठेवून. टाळ्याही घेतल्या. नंतर चहा पिताना एकीनं विचारलं, हे केवढ्याला मिळालं गं? आणि मी तिन्ही भांड्यांची पस्तीस डॉलरची गोष्ट सांगितली. लॉटरी लागल्यासारखी सांगितली. सगळ्या हसल्या, एकदोघींनी हातावर टाळी दिली. घडवणारीवरच्या अन्यायाचं भाषण आणि तिच्या भांड्याची ही गोष्ट, दोन्ही एका संध्याकाळी, एकाच तोंडानं.

घडवणारीचं देणं माझ्याकडून फिटण्यासारखं नाही. ती कोण, हेही सहीवरून नक्की कळत नाही. पण हे मोठं देणं पुढे करून मी लहान देणं झाकत आले. ते फिटण्यासारखं आहे. त्या मुलीला मी “खराब झालंय” म्हटलं होतं. हे कुठल्या साम्राज्यानं म्हटलं नव्हतं.

आणि ती सापडत नाही, असं म्हणायची सोयही वहीनं ठेवलेली नाही. विक्रीची जाहिरात कापून मी त्याच पानावर चिकटवली आहे, खाली फोन नंबर आहे. गोंद पिवळा पडलाय, आकडे स्पष्ट आहेत.

त्या भांड्यात नंतर मी एकदा पाणी घालून जाईचा गजरा ठेवला होता. कमी आंचेवर भाजलेली ही भांडी पाणी धरत नाहीत, ते पुस्तकातच वाचलं होतं. बाहेरून एक फिकट कडं उठलं आणि तेवढ्या जागेची चकाकी कायमची गेली. तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, किंमत थोडी कमी झाली असेल. म्हणजे कुठेतरी हिशेब चालूच होता.

आज दुपारी फोन लावला. तरुण मुलाचा आवाज आला. आई कामावर आहे म्हणाला, कशाबद्दल काम आहे? मी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंडातून निघालं, “बटणांबद्दल.”

“बटणांबद्दल?”

“हो. तिच्या आईच्या.”

तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, सहानंतर करा, तेव्हा ती असते.

सामान न्यायला माणसं शुक्रवारी येणार आहेत. नवऱ्यानं मघाशी विचारलं, तक्ता झाला का? मी म्हटलं, एक ओळ राहिली आहे. सहा वाजले तेव्हा पोळ्या करत होते. सात वाजता जेवणं झाली, भांडी बाजूच्या टेबलावर हलवली, परत मांडली. आता सव्वाआठ वाजले आहेत आणि फोन करायचा सोडून मी हे लिहीत बसले आहे.